गोधडीतला हिरवा खिसा

रविवार, १२ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तूही बरी असशील असं धरून चालतो, कारण विचारायचं तोंड मी दीड वर्षापूर्वीच गमावलं. पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडणार असशील, तर आधी एवढं वाच. मी भांडायला लिहीत नाही. बाबांबद्दल एक गोष्ट विचारायची आहे. पण सरळ मुद्द्यावर येणं मला कधी जमलंय, म्हणून आधी बातम्या.

दुकान चालतंय. बस डेपोच्या गणवेशांचं काम गेलं ते गेलंच. लस न घेतलेल्या शिंप्याला मापं घ्यायला आत सोडत नव्हते, आणि आता नियम उठला तरी त्यांना तयार कपड्यांची सवय लागली. सध्या पँटी आखूड करतो, चेनी बदलतो. तुझ्या भावजयीने शेजारच्या बेकरीत सकाळचं काम धरलंय. धाकटीला चष्मा लागला आणि तो ती दर महिन्याला फोडून आणते.

मागच्या शनिवारी आमच्या लोकांचा मदतनिधीचा कार्यक्रम झाला. आमचे लोक म्हणजे लसीच्या सक्तीच्या विरोधातले. नाक मुरडशीलच, मुरडून झालं की पुढे वाच. नोकरी गेलेल्या काही घरांना हातभार लावायचा होता, म्हणून फर्निचरच्या दुकानावरचा हॉल घेतला होता. चहा, केक, जुनी पुस्तकं, पोरांसाठी तोंडं रंगवणं. आम्ही सगळे काही एका माळेचे मणी नाही. एक गृहस्थ खिशात चमचा घेऊन फिरत होते. लस घेतलेल्याच्या दंडाला तो चिकटतो म्हणे. पण त्या हॉलमध्ये लस घेतलेला दंडच मिळेना, त्यामुळे चमच्याची पंचाईत झाली. शाळेतल्या बाई त्यांच्यापासून चार खुर्च्या लांब बसल्या. त्यांना लसीचं काही वावडं नाही. "माझ्या अंगात काय जाणार ते मुख्याध्यापक ठरवणार का?" एवढंच त्यांचं म्हणणं, आणि त्यापायी नोकरी गेली. माझंही तेच म्हणणं होतं आणि आहे. हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुला वाटेल की स्वारी शरण आली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं बाबा माझ्याकडे बघूनच म्हणायचे.

माझ्या वाट्याला गोधडी आली. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांच्या गणवेशांचे तुकडे जोडून ती शिवायची आणि कार्यक्रमात तिची सोडत काढायची. बस ड्रायव्हरचा राखाडी शर्ट, आगीच्या बंबावरच्या जवानाचं जाड निळं कापड, सफाईवाल्या बाईंचा नारिंगी कोट. प्रत्येकाची जाडी वेगळी, मशीन एकावर पळायचं आणि दुसऱ्यावर अडून बसायचं. बंबवाला आमचा म्होरक्या. तो म्हणाला, "एखाद्या नर्सचा गणवेश मिळाला ना, तर वजन येईल बघ." मी म्हणालो, "आहे माझ्याकडे."

होताच ना. बाबा गेल्यानंतरच्या आठवड्यात तू तुझे दोन गणवेश बाजूंनी आत घ्यायला आणले होतेस. इतकी वाळली होतीस की दोन्ही अंगात लोंबत होते. माप घेता घेता आपलं वाजलं आणि तू ते टाकून निघून गेलीस. काय बोललो ते दोघांनाही पाठ आहे, इथे उतरवत नाही. तर त्यातला एक मी कापला. खिशाकडचा हिरवा भाग घेतला. दुसरा शाबूत आहे, आत घेऊन, इस्त्री करून ठेवलाय.

चुकून झालं असं सांगता आलं असतं, पण कात्री चुकून चालत नाही. नर्स कोण ते कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तुझा एवढासा तुकडा तरी आमच्या बाजूला असावा असं वाटलं. पोरकटपणा, दुसरं काय.

कार्यक्रमात बंबवाल्याने गोधडी दोघांना धरायला लावली आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून त्याच्या माणसाला उभं केलं. ड्रायव्हर उभा राहिला, टाळ्या. सफाईवाल्या बाई उभ्या राहिल्या, टाळ्या. मग हिरव्या तुकड्यावर बोट आलं. कुणीच उठेना. तेव्हा तो म्हणाला, "ही आपली नर्स भगिनी आज समोर येऊ शकत नाही. पण तिनेही मान तुकवली नाही." अख्खा हॉल उभा राहिला. पुढच्या रांगेतल्या एक आजी डोळे पुसत होत्या. तुझ्यासाठी, ताई.

मला ते बसल्या जागी सोसेना. मी पुढे गेलो आणि म्हणालो, "ती माझी बहीण. तिने नोकरी सोडलेली नाही. लस पहिल्या दिवशी घेतली, आणि पुढे शेकडो लोकांना तिनेच टोचली. आमचे वडील गेले तेव्हा त्यांच्याजवळ ती होती, याच कपड्यांत. मी नव्हतो."

कुणी आरडाओरडा केला नाही. मागून फक्त एकजण म्हणाला, "मग तिचा तुकडा इथे कशाला?" बंबवाल्याने गोधडीची घडी घातली आणि सोडत रद्द केली. तो अजून माझ्याशी बोलत नाही. फसवलं म्हणतो, आणि त्याचंही खरं आहे. गोधडी माझ्या दुकानात पडून आहे.

दोन दिवसांनी ड्रायव्हर पँट घेऊन आला. उंचीचं माप दिलं, जायला निघाला आणि दारात थांबला. म्हणाला, "वडील शेवटी काय बोलले, हे विचारलंस का रे बहिणीला?" मी म्हणालो, नाही. "का?" म्हणाला. उत्तर मला माहीत होतं.

तुला मी दुकानात म्हणालो होतो की तुझ्या इस्पितळाच्या मागच्या दाराने मला आत घ्यायचं होतंस. नियमाने मला बापापासून तोडलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. बायकोलाही. पण लसीचं टेबल फाटकाला लागूनच होतं, ताई. टोचलं की चिठ्ठी, चिठ्ठी दाखवली की आत. बाबा आत असताना ते सगळे दिवस मी त्या टेबलाकडे बघत उभा होतो. तू वरच्या खिडकीतून हात करून बोलवत होतीस, ते मला दिसत होतं. दिसलं नाही असं मी तुला सांगितलं, ते खोटं. बाबा काही लगेच जात नाहीत, नियम आधी मोडेल, मग मी जाईन, असं धरून बसलो. सक्ती चूक होती असं मी आजही म्हणेन. पण म्हणून ते टेबल तिथून हलत नाही.

तर विचारतो. बाबांनी माझं नाव काढलं होतं का? मी खाली उभा आहे हे त्यांना माहीत होतं का? आणि माहीत होतं, तर मी वर का येत नाही म्हणून तू त्यांना काय सांगितलंस?

माझं मन राखू नकोस. नाव काढलं नसेल तर तसं लिही. वाट बघत होते असं असेल, तर तेही लिही.

फाटकाबाहेर उभा होता तो,
तुझा धाकटा भाऊ