दुसरी खेप

९ नोव्हेंबर, रविवार
आज दोघं परत आली. सायली आणि ओंकार, मालवणच्या कॉलेजातली. माझं चरित्र लिहितायत. माझं! कसलीशी स्पर्धा आहे म्हणे. पहिल्याच पानावर लिहून आणलेलं, 'ध्रुवीय संशोधक'. म्हटलं, खोडा आधी ते. मी डिझेल मेकॅनिक. अंटार्क्टिकावर सोळा महिने जनरेटर सांभाळला. संशोधन काय ते शास्त्रज्ञांनी केलं. तर ओंकार म्हणतो, "आजोबा, मेकॅनिकाक बक्षीस कोण देतलो?" मेला खरंच बोलला. मग 'हिमवीर' करूया म्हणायला लागला. हाकलणार होतो. शेवटी 'अंटार्क्टिकावर राहिलेले' यावर मिटलं.
पाचच्या एस्टीने गेली. कपबश्या अजून तशाच ठेवल्यात. उद्या धुवेन.

१२ नोव्हें., बुध.
दिवसभरात बोललो कोणाशी? मासेवालीशी. तीही घाईत. "काका, एकट्याक चार बांगडे कित्याक? फ्रिजात घालून कुसवतल्यात." दोनच दिलेन.
विद्याचा पुण्याहून फोन. मीटिंग आहे बाबा, रात्री करते. नाही आला. तिलाही व्याप आहेत, लेक असली म्हणून काय.
ही जाऊन दोन वर्षं होतील. घरात आवाज म्हणजे पंपाचा. लोक विचारतात, तिकडे बर्फात एकटं वाटलं नाही का? छे. वीसेक माणसं होतो. भांडायला, पत्ते खेळायला, एकमेकांचं घोरणं ऐकायला. एकटं वाटतं ते इथे.
रविवारी गाऱ्हाण्याची गंमत सांगायची.

१६ नोव्हें., रवि.
सांगितली. तिथला ऐन हिवाळा, महिनाभर सूर्य नाही, मंडळी उदास. मी घरून नेलेला नारळ काढला. आणि जनरेटरसमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं, आमच्या गावात घालतात तसं. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां हयसर बर्फात येवन पडली हत, तेंका सांभाळ. आणि ह्यो जनरेटर आसा, तेका काय इडापिडा होव नको रे म्हाराजा!" पंजाबी, तमिळ, बंगाली सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!" नारळ फोडला तर आत पाणी कुठलं, बर्फाचा गोळा. तोच प्रसाद म्हणून चोखला सगळ्यांनी.
पोरं हसून लोळायची बाकी. सायलीने परत म्हणायला लावलं. तिच्या मोबाईलात भरून घेतलं. घावणे केले होते, दोन जाड झाले. तेही संपवले.
बरा गेला दिवस. फार बरा.

२० नोव्हें., गुरु.
गोष्टी जपून काढायला हव्यात. एका रविवारी एक. वादळाची मागे ठेवलीय. परतीच्या जहाजाची तर शेवटी. तिकडे डिझेल असंच पुरवून वापरायचो.

२३ नोव्हें., रवि.
वादळाची आणि परतीची, दोन्ही काढून घेतल्या आज. ओंकार म्हणजे नुसती घाई. लिहून झाल्यावर सायली म्हणाली, "झाला आजोबा. आता येवची तशी गरज नाय. काय रवला तर फोन करू." वह्या पिशवीत जायला लागल्या.
आणि माझ्या तोंडून गेलं, "अरे, आणि दुसरी खेप?"
ओंकारच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. "दोनदा गेल्लात? पयला कित्याक नाय सांगलात?"
"तुम्ही विचारलंत कुठे?"
पुढल्या रविवारी सांगतो म्हणालो.
एकदाच गेलो होतो. दुसरी खेप बिप काही नाही. जिभेला हाड नाही माझ्या. या वयात! पण पिशव्या भरताना बघवेना.

२७ नोव्हें., गुरु.
अंगणात फेऱ्या मारत दुसरी खेप जुळवतोय. जहाज तेच ठेवलं, माणसं बदलली. लाज वाटते, आणि मजाही येते. सकाळी डोळा उघडला की उठावंसं वाटतं, किती दिवसांनी. फोन करून सांगावं का खरं? दोनदा फोन हातात घेतला. ठेवला.

३० नोव्हें., रवि.
सायली एकटीच. ओं.च्या गावची जत्रा. म्हटलं, तू नाही गेलीस कुठे? "माका खंय जावचा? मावशीकडे रवतंय. घर दोडामार्गाक, बाबा रोज गोव्यात कामाक. दोन एस्टी बदलून जावचा नि सांजेक परत येवचा."
मग सांगितली. दुसरी खेप, मोठं वादळ, मी जनरेटरच्या शेडमध्ये अडकलो. शेडपासून राहत्या खोल्यांपर्यंत बांधलेली दोरी, ती धरूनही परत जाता येईना. बाहेर नुसतं पांढरं. बोलायला कोणी नाही म्हणून मशीनशीच बोलत बसलो, त्याला नाव ठेवलं, जेवलास का विचारलं. सांगता सांगता माझाच आवाज बसला. खोट्याला एवढं कशाला?
मोबाईल टेबलावर बंद पडलेला. "रेकॉर्ड नाही करत?"
"बॅटरी उतारली, आजोबा."
वहीही काढली नाही. हनुवटीला हात लावून ऐकत बसली. शेवटी विचारलंन, "तवा तुमका कोणाची आठवण इली?"
म्हटलं, "तुझ्या आजीची." एवढंच काय ते खरं.

२ डिसें., मंगळ.
विद्याचा फोन. आधी इकडचं तिकडचं. मग, "बाबा, ती मुलगी, सायली, गेल्या गुरुवारी बोलली माझ्याशी. चरित्रासाठी घरच्यांना विचारायचं असतं म्हणाली. दुसऱ्या खेपेला तुम्ही केवढ्या होतात, असं विचारत होती. मी म्हटलं, दुसरी कुठली? एकदाच गेले बाबा, मी दुसरीत होते."
मी पुण्यात थंडी किती ते विचारलं.
"बाबा, असं का सांगितलंत?"
बस चुकेल म्हणून फोन ठेवला. मला कुठे जायचं होतं!
गुरुवारी. म्हणजे रविवारी तिला माहीत होतं. सगळं माहीत असून समोर बसून ऐकत होती, माझा तो जनरेटर जेवला की नाही ते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतंय थोडंच.

५ डिसें., शुक्र.
राहवेना. तिला फोन लावला आणि तोंड सोडलं. माहीत होतं तर गप्प का बसलीस? म्हाताऱ्याची कीव करायला?
"कीव कसली आजोबा? तुमी सांगत होतात, मी आयकत होतंय. पुस्तकात ता घालूचंय नाय, बस."
"आणि स्पर्धेचं बघणाऱ्या तुमच्या सरांना काय सांगितलंस?"
"वय झाला म्हणान गोंधळ झालो, असां सांगलंय."
वय झालं! अगं, खोटारडा म्हणाली असतीस तर बरं होतं. तसं बोललोही. ती काही बोलणार होती, मी फोन कापला.
रात्री जेवण गेलं नाही. काय मिळवलं मी? एक पोरगी पाऊण तासाची एस्टी पकडून यायची, तिलाही हाकलली.

७ डिसें., रवि.
कोणी नाही. घावण्यांचं पीठ भिजवलेलं तसंच राहिलं. संध्याकाळी आंबलं.

१० डिसें., बुध.
ओंकारने पुस्तक मोबाईलवर पाठवलं. दिलं एकदाचं स्पर्धेला. अक्षर बारीक, चष्मा लावून तासभर वाचलं. चांगलं लिहिलंय हो पोरांनी. गाऱ्हाणं सगळं जसंच्या तसं. माझं मेकॅनिक असणंही ठेवलंय. खेप एकच. शेवटचं वाक्य: 'त्यानंतर ते आपल्या गावी परतले.' पुढे पान कोरं. त्यानंतर अडतीस वर्षं झाली, ती त्या टिंबात गेली सगळी. माझी कलमांची नर्सरी, विद्याचं लग्न, हिचं आजारपण.
ओं.ला अंगठा पाठवला. सायलीला काय पाठवू ते कळेना. 'छान झालं' एवढं टाइप केलं, पुसलं.

१३ डिसें., शनि.
सकाळी सायलीचा मेसेज. "आजोबा, उद्या येव? लिहूचा काय नाय. अशीच."
तीन वेळा वाचला. कीव असेल का? असू दे. तिलाही रविवार खायला उठत असेल मावशीकडे, असंही असेल. नुसती बडबड आवडत असेल म्हाताऱ्याची. काही का असेना.
पण येऊन बसल्यावर तिला सांगू काय? खरं होतं ते सगळं सांगून झालं, आणि खोटं तिला पाठ आहे.
'ये' म्हणून कळवलंय.