सलिलच्या नावाची आंघोळ

मी, प्रमोदिनी वसंत आठल्ये, निवृत्त शिक्षिका, राहणार कोपर, डोंबिवली पश्चिम, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, आधी कच्चे करून मग पक्के, माझ्या स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला देण्यापूर्वी डॉक्टरांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला, तिथी सांगितली आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर मागच्या महिन्यावरच थांबले आहे हेही सांगितले. गुडघे शाबूत नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही.

१. माझे पती कै. वसंत आठल्ये, ज्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणत, यांच्या आग्रहावरून मी पूर्वी एक मृत्युपत्र केले होते. त्यात आमच्या मुलाचे, सलिलचे, नाव कोठेही नव्हते. वाचणाऱ्याला वाटावे, या जोडप्याला आसावरी ही एकच मुलगी. ते मृत्युपत्र मी आज रद्द करते. माझी भाची ऋजुता वकील आहे. ती म्हणाली, "मावशी, कारण लिहायची गरज नसते गं." कायद्याला नसेल. मला आहे.

२. कोपरचे राहते घर संपूर्णपणे आसावरीचे. ती माझ्याजवळ राहते, शाळेत गणित शिकवते आणि जिना चढताना प्रत्येक पायरीवर डावा पाय आधी टाकते, कारण उजवा गुडघा नीट वाकत नाही. घर तिला देण्याबद्दल सलिलला विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला की तिला लिफ्टची इमारत मिळाली असती तर बरे झाले असते. लिफ्टला आजवर विरोध करणारे आमचे तळमजल्यावरचे सचिव श्री. शिवराम यांना मी काहीही ठेवत नाही. माझे पापड वाळत असताना त्यांनी गच्चीला लावलेले कुलूप तेवढे त्यांना परत द्यावे. ते माझ्या कपाटात आहे.

३. आता त्या गुडघ्याविषयी. सलिल तरुणपणी दारू प्यायचा. हे मी सरळ लिहिते, कारण आमच्या घरात ते कधी सरळ बोलले गेले नाही. त्याला ॲसिडिटीचा त्रास आहे, असे आम्ही म्हणत असू. एका लग्नाहून परतताना कल्याण-शीळ रस्त्यावर त्याची स्कूटर घसरली. मागे आसावरी बसली होती. त्याला नुसते खरचटले, तिच्या गुडघ्याचा चुरा झाला. कुत्रे आडवे आले, असे सांगण्यात आले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही चहाबरोबर ते कुत्रे सांगितले. दर वेळी ते थोडे मोठे होत गेले. अण्णांच्या तोंडी तर ते शेवटी काळे आणि पिसाळलेले झाले होते.

मी येथे नोंदवून ठेवते की सदर कुत्रे अस्तित्वातच नव्हते.

४. सलिलबरोबर पिणारा त्याचा मित्र काळुराम त्याच्या आधी दारूतून सुटला. टिटवाळ्याला एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर दर रविवारी येशूची प्रार्थना होते, तिथे त्याने सलिलला नेले. वर्षभराने सलिलने बाप्तिस्मा घेतला. त्याच संध्याकाळी तो घरी आला, केस अजून ओले होते. तो म्हणाला, "अण्णा, मला तुम्हा सगळ्यांना काहीतरी सांगायचंय." अण्णांनी बाप्तिस्म्यापर्यंत ऐकले. त्यापुढचे, म्हणजे ज्यासाठी तो खरा आला होता ते, ऐकलेच नाही. दार उघडून उभे राहिले. सलिल गेल्यावर त्यांनी डोक्यावरून गार पाण्याने आंघोळ केली, माणूस गेल्यावर करतात तशी. एखाद्याच्या नावाने आंघोळ केली असे लोक रागात म्हणतात. अण्णांनी खरोखर केली. टॉवेलने डोके पुसत मला म्हणाले, "प्रमोदिनी, तूही करून घे." मी न्हाणीघरात गेले.

म्हणजे एकाच दिवशी एका पाण्यातून आमचा मुलगा नवा जन्म झाला म्हणून बाहेर आला, आणि दुसऱ्या पाण्याने त्याच्या वडिलांनी त्याला मेलेला ठरवले.

अण्णा दुष्ट नव्हते. हे मी विशेष करून लिहिते, कारण मृत्युपत्रात मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. त्यांना वाटले की मुलगा आपल्याला टाकून गेला, म्हणून त्यांनी त्याला आधी टाकले.

५. त्यानंतर मी दर अंगारकीला टिटवाळ्याला जाऊ लागले. माझी भक्ती वाढली म्हणून अण्णा खूश होते. मी गणपतीला फसवले नाही, आधी त्याच्याकडेच जात असे. मग सलिलच्या खोलीवर. तो मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो. पोहे चांगले करतो, फक्त मिठाचा हात पहिल्या जन्मातल्यासारखाच सैल आहे.

तिथे मी त्याच्याशी पुष्कळ भांडले. नवा जन्म म्हणजे काय, पहिला मी दिला तो कुठे कमी पडला, आणि चाळिशीला आलेला माणूस परत जन्मतो कसा, असे मी विचारले. तो हसला आणि म्हणाला की हा प्रश्न फार जुना आहे, येशूलाही एका शिकलेल्या माणसानेच विचारला होता. मग गंभीर होऊन म्हणाला, "आई, मी मेलेलो. तुला दिसलं नाही, कारण मी जेवायला घरी येत होतो."

यावर मी विणायला घेतले.

पश्चात्ताप म्हणजे वाईट वाटणे, असे मी आयुष्यभर मुलांना शिकवले. सलिल म्हणे, वाईट तर पितानाही वाटायचे, रोज वाटायचे, त्याने काही झाले नाही. पश्चात्ताप म्हणजे मागे वळायचे, जिथे चुकले तिथपर्यंत जायचे. मला ते विणकामावरून समजले. खूप ओळी मागे टाका चुकला असेल तर हळहळून स्वेटर सुधारत नाही, तिथपर्यंत उसवावे लागते. आणि उसवल्यावर लोकर तीच राहते, वाया जात नाही. मी हे सांगितले तेव्हा त्याने ते पुढच्या रविवारी प्रार्थनेत सांगितले आणि माझे नाव घेतले नाही. हा राग मी अजून सोडलेला नाही.

बाप्तिस्म्यानंतर एकदा तो पुन्हा प्यायला. मला वाटले, झाले, संपला नवा जन्म. पण त्याच रविवारी तो सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला की मी प्यायलो. प्रार्थना चालवणाऱ्या पास्टरांनी त्याला हाकलले नाही, शेजारी बसवले. मी त्या दिवशी मागच्या खुर्चीवर होते. पडल्यावर त्याने कुठल्याच कुत्र्याचे नाव घेतले नाही. त्या दिवसापासून मी त्याचा नवा जन्म मानते.

६. अण्णांची हत्यारांची पेटी सलिलला. तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, कारण ती अण्णांनीच दिली आहे असे मी समजते. शेवटच्या आजारात ते एक दिवस म्हणाले, "पंखा आवाज करतोय. त्या दुरुस्तीवाल्याला बोलवा." कोणत्या, ते मी विचारले नाही. सलिल आला, स्टुलावर चढला, पंखा उतरवला. अण्णा डोळे मिटून पडले होते, पण कान जागे होते. काम झाल्यावर म्हणाले, "पेटीतला मोठा पाना घे, तो चांगला आहे. आता नीट फिरतोय." दोघांत एवढेच बोलणे झाले. अण्णा होते तोवर सलिलने पंखा आणखी काही वेळा तपासला. त्याला तपासण्यासारखे काही नव्हते.

७. मात्र जे बोलायला सलिल त्या ओल्या केसांनी आला होता ते तसेच राहिले होते. अण्णा गेल्यावर तो घरी येऊ लागला, दर वेळी सुरुवात करी आणि दर वेळी मी म्हणे, असू दे रे, पोळी घे. आमच्याकडची हीच रीत आहे. घरच्या माणसाला माफी मागू द्यायची नाही, तोंडात घास द्यायचा. मला ती माया वाटायची.

गेल्या भाऊबीजेला तो पाटावर बसला. आसावरी तबक घेऊन उभी राहिली, निरांजन पेटलेले. तो म्हणाला, "आधी मला बोलू दे, मग ओवाळ." मी असू दे म्हणायला तोंड उघडले, तेव्हा आसावरी म्हणाली, "आई, आज तू बोलू नकोस." ती तशीच उभी राहिली, त्या गुडघ्यावर. तो म्हणाला, "कुत्रं नव्हतं. मी प्यायलेलो. तुझा पाय माझ्यामुळे गेला. मला माफ कर."

आसावरी म्हणाली, "मला वास आलेला. तू एकटा जाऊ नयेस म्हणून मागे बसले. आणि कुत्रं तू नाही, मी सांगितलं पोलिसांना. तू शुद्धीत कुठे होतास?" तबक तसेच धरून ती पुढे म्हणाली, "मला खूप राग होता, सलिल. तू कधी म्हणतोस याची मी वाट बघत होते. आता केलं माफ."

तो लहान मुलासारखा रडला. ती ओवाळायला वाकली आणि कुंकवाचे बोट मध्येच थांबवून विचारले, तुला हे चालते ना. तो म्हणाला, "माहीत नाही गं, पास्टरना नंतर विचारतो. तू लाव." मग ती त्याच्या खांद्याचा आधार घेऊन खाली बसली आणि दोघे पोट धरून हसले, त्या बिचाऱ्या कुत्र्यावर. मी करंज्या आणायला आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

८. शेजारच्या दर्शनाला लोणच्याची मोठी बरणी. तिला या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायची हौस होती, पण ज्याला काही मिळणार त्याने साक्ष देऊ नये असे ऋजुता म्हणाली. दर्शनाने बरणी निवडली. विणायच्या सुया आणि उरलेली लोकर सलिलच्या प्रार्थनेतल्या बायकांना, म्हणजे स्वेटरचा दृष्टान्त कोणाचा ते त्यांना कळेल.

९. माझ्या देहाला आसावरीने अग्नी द्यावा. गुरुजींनी फार लांबवू नये. सलिलने त्याच्या पद्धतीने प्रार्थना करावी, मराठीत आणि माइकशिवाय. काळुरामला गाऊ देऊ नये, माणूस चांगला आहे पण सूर नाही. परत आल्यावर सगळे आंघोळ करतील. सलिलने काय करावे ते त्याने ठरवावे.

त्याआधी त्याला एक माहिती असावी. अण्णांनाही मी ती दिली नव्हती.

सलिल, त्या संध्याकाळी मी न्हाणीघरात गेले, कडी लावली, बादली भरली. बाहेर आवाज जावा म्हणून तांब्याने सगळे पाणी फरशीवर ओतले, अगदी शेवटपर्यंत. मग तोंडावर ओला हात फिरवून कोरडी बाहेर आले. तुझा नवा जन्म मला मान्य आहे, मी तो डोळ्यांनी पाहिला. पण त्याआधी तू मेला होतास असे म्हणतोस, ते मला कधीही मान्य नव्हते. मी तुझ्या नावाची आंघोळ केलेली नाही, बाळा.

वरील सर्व मी वाचून पाहिले, आसावरीला मोठ्याने वाचून दाखवले आणि एकही शब्द मागे न घेता साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

प्रमोदिनी वसंत आठल्ये

साक्षीदार:
१. डॉ. अपूर्व लेले, डोंबिवली (कॅलेंडर बदलले आहे)
२. श्री. कुंडलिक पाटील, कोपर

स्थळ: कोपर, डोंबिवली पश्चिम
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५