खुब्यातला आखूड दांडा

बाबा, परवा डॉक्टरांनी माझ्या खुब्याचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि मला तुम्ही आठवलात. तुमच्याच बाजूचा, उजवा. सांधा बदलावा लागणार. मांडीच्या हाडात बसवायचा धातूचा दांडा लांब हवा की आखूड, हे मला उद्या सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाला विचारू?

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळीनं बोंडं पोखरली, यवतमाळच्या ज्या जिनिंगमध्ये तुम्ही फिटर होता ती दोन महिन्यांतच थंडावली, आणि हाताला काम नाही म्हणून तुम्ही एकदाचे ऑपरेशनला तयार झालात. नागपूरच्या डॉक्टरांनी आखूड दांडा टेबलावर ठेवला. दुसरा पेशंट घाबरला असता. तुम्ही तो उचलून त्याची खरखरीत पाठ नखानं खाजवून पाहिली. "इतकासा शाफ्ट अन् माणसाचं वजन? किती वर्सं टिकते, डॉक्टरसाहेब?" डॉक्टर हसले. लांब दांड्याचा जुना अनुभव आहे, म्हणाले, हा नवा. खरखरीत भागात हाड वाढतं आणि त्याला धरून ठेवतं, पुढे कधी बदलायचा झालाच तर खालचं हाड शाबूत मिळतं. पण वीस वर्षांनी काय होतं, ते तुमच्यासारखे पेशंटच सांगतील. झालं! तुम्हाला जणू नोकरीच लागली. "मंग मी सांगतो," म्हणालात.

दुखत नसतानाही दर वर्षी तुम्ही एक्स-रे काढायला लावायचात. घरी आलं की जुनी आणि नवी फिल्म खिडकीच्या काचेला लावून ताडून पाहायची, दांड्याभोवती काळी रेघ दिसते का. रेघ म्हणजे दांडा हलतोय. शेवटच्या वर्षी मी कंटाळलो. मी शिकवतो त्या शाळेत परीक्षा चालू होत्या. "पाय दुखून नाही राह्यला ना, मंग कायले जाता?" तुम्ही चिडलात. "बेअरिंग जळल्यावर पाह्यतेत काय रे? चालू मशीनच पाहा लागते." तरी मी नेलं नाही. चार महिन्यांनी हार्ट अटॅकनं तुम्ही गेलात. ती एक फिल्म माझ्यामुळे कमी राहिली आणि ते मला अजून खातं.

तिसऱ्या दिवशी राख सावडताना दांडा माझ्या बोटांना लागला. काळवंडलेला. काका म्हणाले, "लोखंड होय ते, टाक बाजूले." मी राख फुंकली. खरखरीत भागाला हाडाचा पांढरा तुकडा धरून होता. अंगठ्यानं ढकलला, हलला नाही. एवढ्या आगीतून निघूनही! ती रडायची जागा, आणि माझ्या मनात काय आलं, तर हे बाबांना दाखवलं पाहिजे.

हा एकाच माणसाचा निकाल, एवढं मला कळतं. परवा डॉक्टरांना विचारलं. बरीच वर्षं झालेले पेशंट आता आहेत, म्हणाले, बहुतेकांचे दांडे घट्ट आहेत, पण त्याच्याही पुढचं अजून पाहतोच आहोत. म्हणजे तुमच्या त्या नोकरीची जागा रिकामीच आहे. उद्या मी आखूडच सांगणार, आणि दुखो न दुखो, दर वर्षी फिल्म काढणार.

हे पत्र तुमच्या पान्यांच्या पेटीत ठेवतो. एक कबूल करायचं राहिलं. दांडा राखेबरोबर नदीत सोडला, असं मी काकांना सांगितलं होतं. सोडला नाही. तो याच पेटीत आहे, आणि दर वर्षी तुमच्या एक्स-रेच्या महिन्यात मी तो बाहेर काढून तो तुकडा अंगठ्यानं ढकलून पाहतो.