चिंचेने घासलेली महाराणी

१९ ऑक्टो., रवि.
चकल्या मऊ पडल्या. असो. पूजेची तांब्या-पितळेची भांडी चिंच-मीठ लावून घासायला काढली. टेबलावर सुहासचं रोमन नाणं होतं, फोटोसाठी अल्बममधून काढलेलं. एकीकडे कुठलीशी महाराणी, अंबाडा घातलेली. उलट बाजूला धान्याची देवी, हातात कणसं. पण काळी-हिरवी झालेली, बिचारी! म्हटलं, देवी ती देवी, दिवाळीत पारोशी का राहावी? लक्ष्मीपूजनात मांडू, नवऱ्याला सरप्राइज. दहा मिनिटांत लखलखीत.

२० ऑक्टो., सोम.
सईने पाहिलं. "ओ माय गॉड, मम्मा, व्हॉट डिड यू डू?" तो हिरवा थर म्हणे दोन हजार वर्षांचा, नाण्याची शान तीच. गेला की खलास. आणि शनिवारी अबुधाबीत नाणीवाल्यांच्या ग्रुपसमोर पप्पा याच नाण्यावर बोलणार, आयुष्यात पहिल्यांदा. सुहास ड्युटी संपवून जबल अलीहून दमून आला. नाही सांगितलं.

२१ ऑक्टो., मंगळ.
मांडलंच पूजेत. तोंडाने सांगवेना, तर दिसू दे. सुहास वाकला, बराच वेळ बघत राहिला. मग तिलाही हळदकुंकू वाहिलं. "छान दिसतेय." बस. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२३ ऑक्टो., गुरु.
भाऊबीज. दादाला व्हिडिओ कॉलवर ओवाळलं. बावीस वर्षांत सुहासच्या नाण्यांना बोट लावलं नाही, आणि लावलं ते असं! दोनदा सॉरी म्हटलं. "चालतं गं." चालतं काय डोंबल! मुकाट्याने दुसरं नाणं तरी न्यावं शनिवारी. तर नाही, हेच नेणार.

२५ ऑक्टो., शनि.
बापलेक अबुधाबीला जाऊन आले. मी नाही गेले. कुठल्या तोंडाने जाणार?

सई स्वयंपाकघरात येऊन हळूच सांगून गेली. एका म्हाताऱ्याने भिंग लावून बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ये किसने घिसा, हबीबी?" सुहास म्हणाला, "मैंने. नया था, अक्ल नहीं थी." सगळे हसले. मग अर्धा तास बोलला, छान बोलला म्हणे. "ही जस्ट लाइड, मम्मा. फॉर यू."

पोळ्या लाटता लाटता रडले.

मला कळलंय हे त्याला ठाऊक नाही. सांगू की नको? आता आंघोळीला गेलाय. नाणं अल्बममध्ये ठेवलं नाही, देव्हाऱ्यातही नाही. परत तिथेच ठेवलंय, जेवणाच्या टेबलावर, माझ्या हाताशी.