चौथ्या अंकातलं वाक्य

थळ, ५ ऑक्टोबर १९५३

ती. दादूस, धाकट्या केसरचा नमस्कार, वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुझे मेहुणे तर फारच खुशाल; दारूबंदी सरकारच्या कागदावर आणि भट्टी खाडीपलीकडे. रविवारी सुक्या मासळीची पाटी पिण्यात घालवून आले. मी बोलले, तर हात उचलला. पुढचं लिहीत नाही.

मुंबईच्या मासिकात तू भल्याभल्यांच्या टोप्या उडवतोस, ते आम्ही वाचतो. आता गावच्या जत्रेसाठी दारूबाजावर एक नाटक लिही. बघणाऱ्याला स्वतःची लाज वाटली पाहिजे. एवढाही उपयोग होणार नसेल तर शाई कशाला नासतोस?

लोभ वाचकांवर आहेच, थोडा बहिणीसाठी राखून ठेव.
केसर

मुंबई, १९ ऑक्टोबर

चि. केसरबाय, आशीर्वाद.

हात उचलल्याचं पुन्हा पुन्हा वाचलं. मी येऊन तुझ्या सदाशी बोलू का?

बाकी लिहिण्याच्या उपयोगाविषयी तुझा मोठा गैरसमज आहे. मी इतकी वर्षं लाचखाऊंवर लिहितोय. सुधारला एकही नाही. एकाने मात्र माझा लेख चौकट करून दिवाणखान्यात लावला. तरी नाटक जत्रामंडळाकडे रवाना केलंय. चार अंकी आहे. गुण आला तर माझा, नाही आला तर दोष सदाचा.

आहे तो लोभ सांभाळ, वाढवलास तर आणखी एक नाटक मागशील.
दादा

रेवदंडा, ३० नोव्हेंबर

ती. दादूस, नमस्कार, वि. वि.

पत्ता बघून दचकू नकोस. मी नीरामावशीकडे आलेय.

नाटक झालं. दारूबाजाचं काम यांनाच दिलं. तालमीची गरज नाही, असं मंडळाचं म्हणणं पडलं. माणसं पोट धरून हसली. आता लाज वाटेल, मग लाज वाटेल म्हणून मी बघतेय, तर हे टाळ्यांनीच झिंगले. तिसऱ्या अंकात ती बायको उठली, गाठोडं काखेत मारलं आणि कुणाला न विचारता निघून गेली. आम्हा बायकांत एकीलाही हसू आलं नाही. मला वाटलं, असं करता येतं? मला तर कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिथूनच उठले आणि उजाडल्यावर रेवदंड्याची वाट धरली. मावशीबरोबर मासळी सुकवते. दोन वेळचं भागतं.

रागावलास तरी लोभ आवरू नकोस.
केसर

मुंबई, ४ डिसेंबर

चि. केसर, आशीर्वाद.

अगं बाई, ते नाटक होतं! बायकोचं काम करणारा चंदर मचव्यावर खलाशी. त्याच्या तांडेलाने मंडळाला बजावलं होतं की भरती लागली की मचवा निघणार, पोराला सोडायचं, नाटक गेलं खड्ड्यात. म्हणून मी तिला तिसऱ्या अंकात घराबाहेर काढलं आणि चौथ्यात नवऱ्याला एकट्यालाच रडत ठेवलं. ते जाणं मी नाही, समुद्राने लिहिलं! औषध नवऱ्याचं, प्यालीस तू.

हा शिवदास बायका बिघडवतो, अशी मला थळहून पत्रं येतायत. जन्मात पहिल्यांदा माझ्या लिहिण्याने काहीतरी झालं, आणि मला एका जागी बसवत नाही. परत जा म्हणवत नाही, जाऊ नकोस म्हणायचं धैर्य नाही.

लोभ आहे, फक्त जरा घाबरलाय.
दादा

रेवदंडा, ९ डिसेंबर

ती. दादूस, नमस्कार, वि. वि.

समुद्राने लिहिलं की तू, ऐकलं मी ना?

काल हे आले होते. शुद्धीत होते. अंगणात उभे राहून म्हणाले की, तू गेल्यापासून घरात मला माझाच खोकला परका वाटतो. मावशीने डोळ्यांना पदर लावला. माझाही जीव खालीवर होतोय.

पण चौथा अंक मी बघितलेला नाही. तेवढं वाक्य शोधून बघ. तुझं की त्यांचं? त्यांचं असेल तर शनिवारी मी थळला जाते. उलट टपाली कळव, आणि मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

लोभ नंतर, आधी उत्तर.
केसर

मुंबई, ११ डिसेंबर

चि. केसर,

वाक्य माझं आहे. सबंध नाटकात तेवढंच एक जमलं होतं.

सदाचं म्हणून कळवावं, असा मोह झाला. तुझ्या सुखासाठी नव्हे; तू परत गेलीस की थळहून मला येणारी पत्रं थांबतील म्हणून.

जाऊ नकोस. तो पुन्हा येईल, तेव्हा त्याला स्वतःचं काहीतरी बोलू दे. अडखळला तरी चालेल. अडखळला तर बरंच.

दादा