पाटावरचा चेंडू

खापरखेडा,
१२ सप्टेंबर २०२५

चि. कामिनी,

आजीचा आशीर्वाद घे, अन् दंडाले एक चिमटा बी घे. आशीर्वाद तू नातीन आहेस म्हणून. चिमटा तू फोन करत नाहीस म्हणून.

हा कागद नूपुर लिहून राहिली. तुले आठवत असन, तुमच्या टीममधली सर्वात बारकी पोट्टी. आता बारावीत आहे अन् माझं डोकं तिच्या खांद्याले लागते. मी बोलते, ती लिहिते. मधात मधात माझं बोलणं सुधरवाले पाहते, तर मी काठी दाखवते. मले अक्षर येत नाही, पण कागद किती भरला ते दिसते. मी गाडाभर बोलली अन् हिनं दोनच ओळी काढल्या, तर चोरी लगेच पकडते मी.

इकडं सारं ठीक आहे. पोळा झाला. महालक्ष्म्या जेवून गेल्या. आंबील उरली, कारण वाटीवर वाटी पिणारी नागपूरच्या मनीषनगरात जाऊन बसली. दिपाली रामटेकहून आली होती, कडेवर लेकरू घेऊन. ती सांगे, तू तिथं लहान लहान पोट्ट्यायले बास्केटबॉल शिकवताना गळ्यात शिटी घालून फिरतेस. मले भलतं हसू आलं वं. बापाच्या शिटीले तूच नावं ठेवत होतीस ना, कान किटले म्हणून?

आता कामाचं. दसऱ्याले सकाळी घरी ये. बाकी सारं या एका गोष्टीसाठीच लिहून राहिली मी, हे आधीच सांगून ठेवते. नाही तर तू अर्धा कागद वाचशीन अन् घडी करून ठेवशीन.

शाळा बंद झाली. पट कमी झाला म्हणून जूनमध्ये कुलूप लागलं. पोरी इकडच्या तिकडच्या शाळांत गेल्या, टीम मोडली. म्हणजे यंदा पहिल्यांदाच आपली शाळा विभागात हरणार नाही. तुझ्या बापाची सारी नोकरी त्याच्यातच गेली. तालुका जिंकायचा, जिल्हा जिंकायचा, अन् विभागात हरून घरी यायचं. स्टेटले एकही टीम गेली नाही. मी त्याले म्हणत असे, "अरे धर्मेंद्र, ज्या टोपलीले बूडच नाही, तिच्यात टाकून टाकून तुले भेटणार काय?" तो म्हणे, "आई, बूड असतं तर चेंडू वरच अडकला असता." अशा माणसासोबत मी राहिली.

कोर्टवर अजून वीज प्लांटची राख पडते, पण सकाळी ती झाडाले कोणी नाही. नूपुर एकटी जाते अन् झाडू मारून येते. मी विचारलं, "काहून वं, खेळाले तर कोणी येत नाही?" म्हणे, "सवय आहे आजी."

चेंडूची गोष्ट तू विसरली नसशीन. तरी सांगते, कारण मले सांगाची आहे. तुझा आजा प्लांटात फिटर होता. खंडेनवमीले तो पाने अन् पक्कड धुऊन पाटावर मांडे, हळदकुंकू वाहे, अन् दसऱ्यापर्यंत त्याले कोणी हात लावत नसे. धर्मेंद्र पीटी मास्तर झाला, त्याच्यापाशी अवजार कोणतं? चेंडू अन् शिटी. मंग चेंडू पाटावर बसाले लागला. नवमीले कॅप्टनीण चेंडू धुऊन बसवणार, अन् दसऱ्याले सकाळी तीच त्याले उठवून पहिली बास्केट टाकणार. जिनं बसवला तिनंच उठवायचा. हा नेम त्याचाच, देवाचा नाही.

तू बसवला होतास कामिनी. नागपूरच्या मोठ्या शाळेचा फोन त्याच दुपारी आला. त्यायले तू लगेच पाहिजे होतीस, होस्टेलची खोली बी तयार होती. तू बापाच्या तोंडाकडे पाहिलं. तो म्हणाला, "जाय." तुझी बॅग त्यानंच बस स्टॉपवर नेली. तू खिडकीतून हात हलवला. चेंडू इथं पाटावर बसलेला.

दसऱ्याले दिपाली म्हणाली, "सर, मी उठवते ना." तो म्हणे, "नाही. तिनं बसवला, ती येईल तवा उठवील." मी डोक्यावर हात मारला. चामड्याचा तो एकच चांगला चेंडू होता, पालकांनी वर्गणी करून आणलेला. बाकी सारे रबराचे, घासून घासून गुळगुळीत झालेले. मी म्हटलं, "अरे गाढवा, पोरी खेळतील कशानं?" "रबरानं खेळतील," म्हणे. दसरा गेला, दिवाळी गेली, उन्हाळा गेला. तू सुट्टीत बी आली नाहीस, तिकडं तुमचं शिबिर होतं. चेंडू पाटावरच. मी त्याच्याभोवती पोतेरं मारत होती.

मंग तो विभागाचा सामना आला. तू तिकडच्या कपड्यांत, आपल्या पोरी इकडच्या. मी बी आली होती पाहाले. टाळ्या कोणासाठी वाजवू ते समजेना, म्हणून पदरात हात गुंडाळून बसली. तिथला चेंडू चामड्याचा. आपल्या पोरीयचे हात वर्षभर रबरावर बसलेले. तरी शेवटपर्यंत बरोबरीत होत्या. अन् मंग नूपुरच्या हातून चेंडू सुटला.

नूपुर थांबली. हे लिहीत नाही म्हणते. लिही वं. तुझ्या हातून सुटला, त्याच्यात तुझी चूक काय? ज्या चेंडूची सवय कराची होती तो आमच्या घरी कुंकू लावून बसला होता.

नूपुरच्या हातून सुटलेला चेंडू तुझ्या हाती आला अन् तू टाकला. शिटी वाजली. तू स्टेटले गेलीस.

त्याच्यापुढचं मले बी बोलायले जड जाते. आपल्या पोरी कोर्टवरच बसून रडत होत्या. धर्मेंद्र आधी त्यायच्यापाशी गेला. तू पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून त्याची वाट पाहिली. मी पाहिलं ना, मेडल मुठीत धरून होतीस. त्याले यायले उशीर झाला. अन् तो आला तवा तू म्हणालीस, "बाबा, तुमची शाळा कधीच स्टेटले जाणार नाही. तुम्ही जन्मभर विभागातच हरत राहाल." तो म्हणाला, "बरोबर आहे." तुले वाटलं, तो रागानं बोलला. तू पाठ फिरवलीस, ती आजपर्यंत.

पण बसमध्ये तू नव्हतीस, मी होती. अर्ध्या रस्त्यात तो उभा राहिला, दांडा धरून, अन् विचारलं, "स्टेटले कोण गेलं?" परत विचारलं. दिपाली नाक पुसत म्हणाली, "कामिनी." "अन् खेळ शिकली कुठं?" "आपल्या कोर्टवर, सर." तो खाली बसला अन् खिडकीबाहेर पाहत राहिला घर येईपर्यंत. खोटं असन तर लिहिणारीलेच विचार, ती त्याच्या मागच्या सीटवर होती.

आता कागदाची दुसरी बाजू लागली. हिच्यात जे आहे ते मी दोन घंट्यापासून टाळून राहिली.

तुझ्या बापाले लकवा झाला आहे. होळीच्या आधी पहिला झटका आला. हलका होता, तवा बोलत होता. मी फोन घेतला तर म्हणे, "आई, कामिनीले फोन करू नको. तिच्या पोरांचे सामने असतात." उन्हाळ्यात दुसरा आला. त्यानं उजवा हात नेला, अन् बोलणं नेलं. एकच बोलणं ठेवलं. आठव बरं कोणतं? जे तो कोर्टच्या कडेनं ओरडत असे अन् कॉलनीच्या गेटपर्यंत ऐकू जात असे.

"हात वर!"

पाणी पाहिजे, हात वर. चहात साखर कमी, हात वर. दूधवाल्याले म्हणाला, तर तो बिचारा कॅन खाली ठेवून दोन्ही हात वर करून उभा. डॉक्टरनं बी केले. मी हसते वं, काय करू? त्याच्यासमोर हसते. चुलीपाशी जाऊन काय करते ते नूपुर लिहिणार नाही.

त्याचा स्वतःचा हात मात्र ओल्या टॉवेलसारखा पडून राहते.

तो तुझा चेंडू अजून आहे. दर नवमीले धर्मेंद्र मागून घेतलेल्या नव्या चेंडूसोबत त्याले बी पुसून बसवत होता, अन् दसऱ्याले नवा उठे, तो तसाच राहे. यंदा नवा नाही. कॅप्टनीण नाही. तोच एक आहे. दोन ऑक्टोबरले दसरा आहे म्हणतात. ये अन् उठव.

मी त्याची आज्ञा मोडली नाही बरं. त्यानं फोन करू नको म्हटलं होतं. कागदाचं काही म्हटलं नव्हतं.

खाली अंगठा माझा आहे, कुंकवाचा. शाई डोळ्यात खुपते.

तुझी,
चिमटा काढणारी आजी, गोपिका

खापरखेडा,
५ ऑक्टोबर २०२५

चि. कामिनी,

आशीर्वाद आहे. यावेळी चिमटा नाही.

दसऱ्याची हकिकत सांगते. थोडी तुले माहीत आहे, ते मले माहीत आहे.

सकाळी नूपुरनं कोर्ट झाडलं. आम्ही धर्मेंद्रले खुर्चीत बसवून नेलं, पाट रिंगखाली मांडला. दिपालीनं सांगितलं असन कोणाकोणाले, कारण जुन्या पोरी येत गेल्या. कोणी साडीत, कोणी लेकरं घेऊन, एक तर ड्युटीवरून तशीच, वर्दीत. प्रत्येकीचं वर्ष वेगळं, अन् साऱ्याजणी विभागात हरलेल्या. एकमेकींच्या गळ्यात पडून कोण किती पॉइंटनं हरली ते सांगत होत्या, जसं माहेरचे दागिने दाखवून राहिल्या.

पण चेंडूले कोणी हात लावेना. मीच म्हटलं, "उठवा वं कोणीतरी, ऊन चढलं." दिपाली म्हणाली, "आजी, आमचा नाही तो."

तवा तारेच्या कुंपणाबाहेर, बाभळीपाशी, एक स्कूटी येऊन उभी राहिली. वरची पोट्टी उतरली नाही. तोंडाले स्कार्फ, डोळ्यांवर काळा चष्मा. नागपूरच्या साऱ्याच पोट्ट्या तशा फिरतात उन्हात, कोणी लक्ष दिलं नाही.

धर्मेंद्रनं मान वळवली. बराच वेळ पाहिलं त्यानं. अन् मंग ओरडला, "हात वर!" त्याचा तो आवाज आम्ही होळीपासून ऐकला नव्हता. गेटपर्यंत गेला असन. कोर्टवरच्या साऱ्या पोरीयचे हात आपोआप वर गेले, लेकरं खाली ठेवून. हसत होत्या, रडत होत्या.

बाभळीपाशी बी दोन हात वर गेले. कोपरं सरळ, बोटं फाकलेली, अंगठे आत.

मले अक्षर वाचता येत नाही वं. ते हात येतात.

नूपुरले हे आत्ता, लिहिता लिहिता समजून राहिलं. पेन थांबला तिचा. रडू नको, कागद ओला होते.

मी कोणाले सांगितलं नाही. तुझे हात किती वेळ वर होते ते मी मोजलं नाही. मंग गाडी चालू झाली अन् तू गेलीस. मी पाहिलं तर धर्मेंद्र तसाच कुंपणाकडे पाहून राहिला होता. त्याच्या तोंडाची एक बाजू हसते, एक हसत नाही. त्या दिवशी एकच बाजू हसली, पण पूर्ण हसली.

तवापासून तो खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवाले लावते. गाडीचा आवाज आला की हळूच म्हणते, हात वर. दूधवाल्यानं घाबरणं सोडलं, आता तो बी दाराकडे पाहते.

डॉक्टर तिसऱ्या झटक्याबद्दल काही सांगत होता. मी कानाले पदर लावून बसली. पण थोडं ऐकू आलंच.

दसरा निघून गेला म्हणून लाजू नको. मले पंचांग बी वाचता येत नाही. या घरात कोणत्या दिवशी कोणता सण, ते मीच ठरवते. फक्त स्कार्फ सोडून ये. त्याची नजर आता अधू होत चालली, अन् पुढच्या वेळी तुले हातावरून ओळखून त्याले सांगाले मी किती दिवस पुरणार?

चेंडू घरी आणून परत पाटावर ठेवला आहे. त्याच्यातली सारी हवा निघून गेली, डोक्यावरची टोपी काढून ठेवावी तसा बसला आहे. नूपुर पंप घेऊन आली होती. मी भरू दिली नाही. पंप पाटाखाली ठेवला आहे. हवा तुलेच भरा लागन. मी अन् तुझा बाप, दोघायचा बी दम आता तेवढा राहिला नाही.

अजून पाट न उचललेली,
तुझी आजी