लाल टॅग ज्याचा त्यानेच काढावा

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून साष्टांग लिहिणे मला पटत नाही, पण नुसता नमस्कार लिहिला तर तू कागद उलटा करून उरलेला शोधतेस, असे ताई सांगते.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी मना केलेल्या जिन्यांत गच्चीचा जिनाही येतो, हे कुणीतरी तुला लेखी द्यायला हवे होते, म्हणून देते आहे. गोळ्या वेळेवर घेत असशील अशी आशा करत नाही, अपेक्षा करते. आम्ही दोघी ठीक आहोत.

आता मुख्य विषय. ताई प्रशिक्षणाला गेली, भावोजी जहाजावर, आणि चिमटी माझ्याकडे, हे तुला माहीत आहेच. (चिमटी हे नाव तूच ठेवलेस, पाळण्यातून तिने तुझा दंड धरला आणि सोडला नाही तेव्हा. तो स्वभाव कायम आहे.) मध्यंतरी तिच्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावून घेतले. मुलगी अननस लिहिते, बदक लिहिते, गवतसुद्धा लिहिते, पण आहे, नाही, आणि, मग, इथे, कुठे हे ओळीओळीत येणारे शब्द न बघता लिहायला सांगितले की पेन्सिल चावते. सत्र संपेपर्यंत जमले नाही तर त्याच वर्गात पुन्हा. शेजारी बसणारी मैत्रीण तेवढी पुढे जाईल. दोघींनी एक खोडरबर मधोमध कापून वाटून घेतले आहे, तेव्हा ही गोष्ट किरकोळ नाही. तू फोनवर म्हणालीस, "मी येते, माझा जन्म पहिलीच्या वर्गात गेलाय." मी म्हटले, गरज नाही, मी बघते. कारखान्यातली अवजड यंत्रे माझ्या भरवशावर चालतात, तर सहा वर्षांच्या मुलीत त्याहून जास्त गुंतागुंत असणार नाही, असा माझा अंदाज होता. तो अंदाज मी मागे घेत नाही, फक्त हल्ली मोठ्याने बोलत नाही.

पहिला उपाय कार्डांचा केला. जाड पुठ्ठा, एकसारखे माप, ठळक अक्षर, प्रत्येक शब्दाला एक कार्ड. अडचण अशी की अननसाला चित्र असते, 'आणि'ला नसते. चिमटीने लगेच विचारले, "आणि कसा दिसतो?" मी विचार करून दोन दिवे काढले, मध्ये वायर जोडली आणि सांगितले की हा दिवा आणि तो दिवा. तिने चित्र नीट पाहिले. "हा आणि नाहीये मावशी, ही वायर आहे." (तांत्रिकदृष्ट्या तिचे बरोबर होते.) तरीही आठवडा संपायच्या आत ती सगळी कार्डे धडाधड वाचू लागली. मी बाईंना चिठ्ठीही पाठवली की प्रगती समाधानकारक आहे. मग चहा सांडून खराब झालेले 'आणि'चे कार्ड मी बदलून नवे केले, आणि त्या दिवसापासून तिला 'आणि' येईना. चौकशीत निघाले की ती शब्द वाचतच नव्हती. डागाचे कार्ड म्हणजे 'आणि', कोपरा दुमडलेले म्हणजे 'नाही', आणि ज्यावर मुंगी चिकटून मेली होती ते 'कुठे'. दोष मुलीत नव्हता, चाचणीत होता. मी कार्डे फेकून दिली. (मुंगीचे ठेवून घ्यावे लागले. तिला ते हवे होते.)

दुसरा उपाय नुसता घोटून घेण्याचा. संध्याकाळी मी समोर बसायचे, शब्द सांगायचे, तिने लिहायचे. या उपायाने फक्त एकच शब्द पक्का झाला, तो म्हणजे 'थांब'. कारण मी दर थोड्या वेळाने उठायचे. कारखान्यातून फोन यायचा, पत्रे दाबणारा मोठा प्रेस बंद पडलेला असायचा नाहीतर चालू होताना आवाज करत असायचा, आणि मी फोन कानाला लावून दुसऱ्या खोलीत. ती मागून म्हणायची थांब, मी म्हणायचे आलेच. एकदा तिने स्वतःहून विचारले हा शब्द कसा लिहायचा, मी फोन न ठेवता लिहून दाखवला, आणि तिला एकदाच बघून आला. मला तेव्हा यातून काही सुचायला हवे होते. सुचले नाही.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगते, म्हणजे पुढचे कळेल. यंत्र दुरुस्तीला घेतले की दुरुस्त करणाऱ्याने त्याच्या मुख्य स्विचवर लाल टॅग दोऱ्याने बांधायचा, त्यावर कारण आणि आपले नाव लिहायचे. तो टॅग ज्याचा त्यानेच काढायचा. मालकानेही हात लावायचा नाही. काढताना मागच्या बाजूला काय काम झाले ते लिहायचे, मगच यंत्र चालू. एखाद्याचा हात आत असताना दुसऱ्याने बटण दाबू नये म्हणून हे आहे, आणि आमच्या कारखान्यातला हा नियम मी लिहिलेला आहे. तो भिंतीवर लावला आहे, काच घालून.

शाळेला सुट्टी होती म्हणून एके दिवशी चिमटीला बरोबर नेले. वाटेत मिस्त्री एका यंत्रात डोकावून त्याला टॅग बांधत होते, ते तिने थांबून पाहिले, मग तिला ऑफिसच्या खोलीत बसवले. कागद संपले, तेव्हा सरावाला कोऱ्या लाल टॅगांचा गठ्ठा दिला. (होय, मीच दिला.) तिचा डबा तिच्यासमोर उघडला, तू सुरू कर, मी आलेच म्हणाले आणि प्रेसचा एक अहवाल घेऊन साहेबांकडे गेले. जेवणाच्या सुट्टीत यंत्रे बंद असतात. सुट्टी संपल्यावर प्रेस चालवणारा माणूस स्विचपाशी गेला आणि तसाच मागे सरकला. स्विचवर लाल टॅग होता. दोन गाठी मारलेल्या. कारण: थांब. नाव: चिमटी.

"ही चिमटी कोण? नवीन भरती झाली का?" तो मिस्त्रींना विचारत होता. आमचे मिस्त्री म्हणजे शांत गृहस्थ. कुठलेही यंत्र उघडले की आत एकदा डोकावून "मोठं काम आहे, वेळ लागेल" एवढेच म्हणतात, मग काम छोटे असो. त्यांनी टॅग वाचला, चष्मा पुसून परत वाचला आणि माझ्याकडे पाहिले. साहेब घाईत होते. म्हणाले, फाडून टाका, पोरीने लावलाय. मी म्हटले, फाडता येणार नाही. लावणारी व्यक्ती हजर असताना दुसऱ्याने टॅग काढायचा नाही.

"अहो, ती सहा वर्षांची आहे."

"नियमात वयाची अट नाही, साहेब."

(ती असायला हवी होती. सुधारित नियमात घालीन. शिवाय सुट्टीच्या वेळी लहान मूल प्रेसजवळ पोचलेच कसे, यावर मी स्वतःविरुद्ध एक वेगळा अहवाल दिला आहे, त्याबद्दल तू ओरडू नकोस, ते काम साहेबांनी केले.) आज एक टॅग फाडला तर उद्या कुणाचाही फाडतील, एवढे मी सांगितले, आणि मिस्त्री म्हणाले, बाईसाहेबांचं बरोबर आहे. साहेबांनी घड्याळाकडे पाहिले आणि एक स्टूल ओढून बसले.

चिमटीला आणले. मी तिला रीतसर विचारले, काम झाले का? ती म्हणाली, नाही झालं. कुठले काम, विचारले तर म्हणाली, "तू जेवलीच नाहीस माझ्याबरोबर. आलेच म्हणालीस." यंत्रापुढच्या पिवळ्या रेषेच्या मागे अख्ख्या पाळीचे कामगार उभे होते. कुणीतरी खोकले. मी तिचा डबा मागवला, आणि आम्ही दोघींनी ऑफिसच्या दारात बसून तो संपवला. तिने घाई केली नाही. शेवटचा घास तिने मला भरवला, त्या वेळी साहेब छताकडे बघत होते.

मग तिला टॅगची मागची बाजू दिली. मी काही सांगितले नाही. मागून कुजबुज सुरू झाली, वेलांटी, वेलांटी, म्हणून, ती मी बंद केली. तिने जीभ बाहेर काढून, दाबून दाबून लिहिले आणि शेवटी सगळ्या अक्षरांवर मिळून एकच रेघ ओढली, ती टॅग संपल्यावर स्विचच्या पत्र्यावरही थोडी गेली. 'मी आणि मावशी जेवलो. काम झाले आहे.' आणि. आहे. दोन्ही. कुठल्याही डागाशिवाय. मिस्त्रींनी टॅग हातात धरून गंभीरपणे वाचला, सही केली, तिच्याकडून गाठी सोडवून घेतल्या आणि प्रेस चालू झाला.

तेव्हा आत्या, शिकवण्याची माझी पद्धत योग्य मार्गावर आहे आणि तुला यायची गरज नाही, हे कळवण्यापुरतेच हे पत्र. गुडघ्याला जप.

तुझी भाची

ता. क. पत्र टाकायचे राहून गेले, तेवढ्यात बाईंनी परीक्षा घेतली. चिमटी पुढच्या वर्गात जाणार. 'नाही' हा शब्द चुकला. बाई म्हणाल्या, आश्चर्य आहे, बोलताना तर कधी चुकत नाही.

ता. क. २. घरात आता लाल टॅग झाले आहेत. बाथरूमच्या दाराला 'कुठे', फ्रिजला 'इथे मुंगी आहे'. मी एकही काढलेला नाही.

ता. क. ३. तू तुझ्या ओळखीच्या गृहस्थांकडे माझ्यासाठी शब्द टाकलास, ती दुसऱ्या शहरातली नोकरी. ताई परत आली की मी निघणार, असे ठरले होते. परवा बॅग काढली, तर मुठीला टॅग बांधलेला. कारण: थांब. दोन गाठी. माझ्याकडे कात्री आहे, पण नियम मीच लिहिला आहे. मी तिला विचारले, तुझे काम कधी होईल? तिने बॅगेत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "मोठं काम आहे, वेळ लागेल." तेव्हा त्या गृहस्थांना तू माझ्या वतीने 'नाही' कळव. हा शब्द कसा लिहायचा ते मला येते, पण तुझ्या अक्षरात तो जास्त बरा दिसेल.